नळाला अजून पाणी आलेलं नाही

मंडळी, बऱ्याच दिवसांनी इथे काही लिहिते आहे. मध्यंतरी चार महिने मुलाकडे न्यू जर्सीला होते. परत आल्यावर गुडघे, कुलूपबंद घरातली धूळ आणि बँकेची कामं यांत महिना गेला. 'आजी, ब्लॉग बंद पडला का?' असं पुतणीच्या मुलीने फोनवर विचारलं, तेव्हा जरा लाज वाटली. आज बसलेच आहे लिहायला.

अमेरिकेत काय पाहिलंत, असं परत आल्यावर जो तो विचारतो. या खेपेला खरं सांगायचं तर थंडीमुळे मी फारशी घराबाहेर पडलेच नाही. मी पाहिला एक टीव्हीचा कार्यक्रम, तोही पन्नास वर्षांपूर्वीचा.

झालं असं. माझा नातू कॉलेजात आहे, नाटकाचं वेड आहे. 'सॅटरडे नाइट लाइव्ह' या कार्यक्रमाला २०२५ च्या ऑक्टोबरात पन्नास वर्षं पूर्ण झाली. त्याच्या पहिल्या रात्रीवर २०२४ मध्ये एक सिनेमाही निघाला होता, तो त्याने दोनदा पाहिला होता. मुलाकडे पहिल्या सीझनच्या डीव्हीडींचा जुना संच होता. नातू म्हणाला, "आजी, आपण सगळे चोवीस भाग बघू. तुला नाही कळलं तर मी सांगीन." मी म्हटलं, बघू या. संध्याकाळी साडेचारला अंधार पडतो तिथे, माणसाने करायचं तरी काय?

ज्यांना हा कार्यक्रम ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. (शिक्षकी पेशा सुटला तरी खडू सुटत नाही!) न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमधे एनबीसीचा आठ-एच नावाचा स्टुडिओ आहे. मुळात तो रेडिओसाठी बांधलेला. तोस्कानिनी नावाचे थोर संगीतकार तिथे वाद्यवृंद चालवत. त्याच स्टुडिओतून ११ ऑक्टोबर १९७५ च्या शनिवारी रात्री साडेअकरा वाजता हा कार्यक्रम सुरू झाला. दीड तास छोट्या छोट्या विनोदी नाटिका, गाणी, खोट्या बातम्या, आणि सगळं थेट. चुकलं तर चुकलं, पडदा पाडायची सोय नाही. तोवर शनिवारी रात्री त्या वेळेला जॉनी कार्सनच्या कार्यक्रमाचे जुने भाग दाखवत. ते तिथे नकोत असं कार्सन यांनीच सांगितलं आणि ती जागा मोकळी झाली. ती भरायचं काम लॉर्न मायकल्स नावाच्या तिशीच्या कॅनेडियन माणसाला मिळालं. त्याने सात जण जमवले, चार पुरुष आणि तीन बाया, त्या वेळी कुणाला फारसे माहीत नसलेले. चेव्ही चेस, जॉन बेलुशी, डॅन अ‍ॅक्रॉइड, गॅरेट मॉरिस, गिल्डा रॅडनर, जेन कर्टिन आणि लरेन न्यूमन. गंमत म्हणजे सुरुवातीला कार्यक्रमाचं हे नावही त्यांना घेता आलं नाही, कारण दुसऱ्या वाहिनीने त्याच नावाचा कार्यक्रम आधीच काढला होता. तो लवकरच बंद पडला, पण यांना ते नाव मिळायला १९७७ उजाडलं.

पहिल्याच भागातली पहिलीच नाटिका बघून मी उठून बसले. कारण ती इंग्रजीच्या शिकवणीची होती! खुर्चीत मास्तर, समोर परदेशातून आलेला विद्यार्थी. मास्तर एक वाक्य म्हणतात, विद्यार्थी ते जसंच्या तसं म्हणतो. वाक्यं म्हणजे निव्वळ वेडेपणा, कुठल्याशा हिंस्र प्राण्याला माणसाची बोटं खायला घालण्याबद्दलची. पण दोघांचे चेहरे असे गंभीर, की परीक्षेला तेच येणार आहे! मग मास्तरांच्या छातीत कळ येते, ते खाली कोसळतात आणि मरतात. विद्यार्थी क्षणभर बघतो, आणि तोही छाती धरून तसाच खाली पडतो. मास्तरांनी केलं म्हणजे तेही धड्यातलंच असणार!

नातू खो खो हसला. मीही हसले, पण घास घशात अडकावा तसं झालं. चौतीस वर्षं मी वर्गात उभी राहिले. मुलं आपण सांगतो ते शिकत नाहीत, आपण करतो ते शिकतात, हे बी.एड.च्या पुस्तकात मी पाठ केलं होतं. इथे ते कुणीतरी मरून दाखवत होतं.

रोज जेवणं झाली की एक भाग, असा आमचा नेम सुरू झाला. सगळंच कळायचं असं नाही. गोऱ्यांच्या गाण्यांतलं मला काही कळत नाही, आणि काही विनोद नातवासमोर कळले नाहीत असं दाखवणंच बरं! पण काही माणसं आवडून गेली. गिल्डा रॅडनर एका म्हाताऱ्या बाईचं सोंग घ्यायची, एमिली लिटेला नावाचं. स्वेटर घातलेली, ऐकू कमी येणारी ही आजी बातम्यांत येऊन तावातावाने निषेध करते, की टीव्हीवरच्या 'व्हायोलिन'ला लोकांचा एवढा विरोध कशाला? मुलांनी व्हायोलिन ऐकलं तर बिघडलं काय? मग निवेदक सांगतो, बाई, तो शब्द व्हायोलिन नव्हे, 'व्हायलन्स'. आजी एकदम गोड हसते आणि म्हणते, असं होय, मग राहू द्या. माझ्या दोन्ही कानांत यंत्रं आहेत. सूनबाईने 'भात लावू का' विचारलं तर मी 'वात लावलीय' असं सांगते. त्यामुळे ही आजी मला सख्ख्या बहिणीसारखी वाटली. गिल्डा रॅडनर १९८९ मध्ये कर्करोगाने गेली, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी. हे नातवाने सांगितलं त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही.

आता मूळ गोष्टीकडे येते. हे सगळं लिहायला बसले ते तिच्यासाठीच, आणि इतका वेळ मी तिला टाळते आहे हे माझ्याही लक्षात आलंय.

त्या खोट्या बातम्या चेव्ही चेस द्यायचा. टाय लावून, टेबलामागे बसून, अगदी खऱ्या निवेदकासारखा. १९७५ च्या नोव्हेंबरात स्पेनचा हुकूमशहा फ्रँको वारला. त्याआधी बरेच दिवस तो आज जातो, उद्या जातो, अशा बातम्या येत होत्या. तर हा चेस त्यानंतर कित्येक आठवडे गंभीरपणे सांगायचा, की फ्रँको अजूनही मेलेलाच आहे. दर वेळी तीच बातमी, तोच चेहरा.

पहिल्यांदा ते ऐकलं आणि माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. नातू म्हणाला, "आजी, समजावून सांगू?" मी म्हटलं, "नको रे बाळा. हा विनोद मला माहीत आहे. मी तो आधी ऐकलाय."

कुठे ऐकला, ते आता सांगते.

साल १९७६, जानेवारी महिना. सातारा जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव. मी पंचविशीची, नोकरीला लागून अडीच वर्षं झालेली, अजून कायम व्हायची होते. शाळेच्या स्नेहसंमेलनाची जबाबदारी माझ्याकडे होती. नववीतला एक मुलगा (नाव लिहीत नाही, त्याची नातवंडं आता हे वाचू शकतात) अभ्यासात बेताचा, पण जिभेवर सरस्वती. त्याने एक 'बातमीपत्र' बसवलं होतं. गळ्यात मफलर, पुढे चहाची किटली मायक्रोफोन म्हणून उलटी ठेवलेली. आकाशवाणीच्या निवेदकाचा आवाज असा हुबेहूब, की डोळे मिटले तर रेडिओच लागलाय असं वाटावं. बातम्या सगळ्या गावातल्या. कुणाची म्हैस सुटली, कुणाच्या लग्नात जिलबी संपली. आणि दर दोन बातम्यांनंतर, त्याच गंभीर आवाजात, "आताच हाती आलेल्या वृत्तानुसार, गावातल्या नळाला अजून पाणी आलेलं नाही."

नळयोजनेचं उद्घाटन होऊन वर्ष उलटलं होतं. फीत कापली होती, हार पडले होते, फोटो निघाले होते. पाणी तेवढं आलं नव्हतं.

शेवटी तो पुढारी व्हायचा. वीस कलमी कार्यक्रमाची कलमं बोटांवर मोजू लागायचा. दहा बोटं संपली की पुढची कलमं कशावर मोजायची, म्हणून खाली वाकून चपला काढायचा. पायाच्या बोटांपर्यंत पोचेस्तोवर कलमं विसरायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून.

तालमीला मी हसले. पोट धरून हसले. डोळ्यांत पाणी आलं. आणि घरी गेल्यावर मला भीती वाटली.

तरुण वाचकांनी तो काळ पाहिलेला नाही, म्हणून सांगते. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी लागू झाली होती. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता. दिल्लीतलं 'शंकर्स वीकली' हे व्यंगचित्रांचं साप्ताहिक त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बंद झालं होतं. आमच्या ओळखीतल्या दोघांना 'मिसा'खाली स्थानबद्ध केलं होतं. त्यांतले एक तर साधे गणिताचे शिक्षक. दुसरीकडे असंही होतं, की डिसेंबरात कऱ्हाडला साहित्य संमेलन झालं, तिथे यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष आणि दुर्गाबाई भागवत अध्यक्ष. दुर्गाबाईंनी त्या मांडवात जयप्रकाशजींच्या प्रकृतीसाठी लोकांना उभं केलं. आमच्या शाळेतले दोघे शिक्षक ते पाहून आले होते आणि स्टाफरूममधे दार लावून, हळू आवाजात सांगत होते. ऐकताना अंगावर काटा आला होता. वाटलं होतं, बाई असावी तर अशी.

त्यानंतर महिन्याभरातच माझी पाळी आली, आणि मी काय केलं? लाल शाईचं पेन काढलं आणि कार्यक्रमपत्रिकेतून 'बातमीपत्र' खोडलं.

एक गोष्ट इथे स्पष्ट लिहिते, कारण आजवर मी ती कुणाला सांगितलेली नाही. मला कुणीही तसं करायला सांगितलं नव्हतं. मुख्याध्यापकांनी नाही, संस्थेने नाही, पोलिसांनी तर नाहीच नाही. मुख्याध्यापकांनी तालीम पाहिलीसुद्धा नव्हती. 'वरून दबाव होता' असं मी पुढे एक-दोनदा म्हणाले असेन. तो खोटेपणा होता. दबाव माझा मीच आणला.

दुसऱ्या दिवशी मुलगा आला. म्हणाला, "बाई, माझं नाव काढलं?" मी म्हटलं, "हो." तो म्हणाला, "का? काल तर तुम्हाला हसू आलं." मी सरळ म्हणू शकले असते, की अरे, दिवस वाईट आहेत, मला भीती वाटते. तो शेतकऱ्याचा पोर होता, भीती म्हणजे काय हे त्याला कळलं असतं. पण मी म्हणाले, "त्यात हसण्यासारखं काही नाही. असल्या माकडचेष्टा शाळेत शोभत नाहीत."

तो गप्प झाला. स्नेहसंमेलनाच्या रात्री तो विंगेत उभा राहून पडद्याची दोरी ओढत होता. कार्यक्रम छान झाला, सगळे म्हणाले. शिस्तीवर एक समूहगीतही झालं.

असो. पुन्हा न्यू जर्सीला येते.

सीझनच्या उत्तरार्धात, १७ एप्रिल १९७६ चा भाग आला. चेव्ही चेस तोवर राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांची टर उडवून प्रसिद्ध झाला होता. फोर्ड १९७५ च्या जूनमध्ये साल्झबर्गला विमानाच्या जिन्यावरून घसरले होते, एवढं त्याला पुरे झालं. ना मेकअप, ना आवाजाची नक्कल. नुसता अडखळायचा, डोकं आपटून घ्यायचा, पडायचा. खरे फोर्ड तरुणपणी मिशिगन विद्यापीठाचे नामांकित फुटबॉलपटू, पण लोकांच्या डोक्यात 'धडपडणारा अध्यक्ष' तो बसलाच. आणि या एप्रिलच्या भागात यजमान कोण? फोर्ड यांचे स्वतःचे प्रसिद्धी सचिव रॉन नेसन! एवढंच नाही, तर कार्यक्रमाच्या सुरुवातीची ती ठरलेली आरोळी खुद्द फोर्ड यांनी व्हाइट हाऊसमधे चित्रित करून पाठवली होती. टर उडवणाऱ्यांच्या घरी जाऊन त्यांच्या पंगतीला बसायचं, असा त्यांचा बेत असावा. पंगतीत त्यांना वाढलं ते तिखटच. नोव्हेंबरात फोर्ड निवडणूक हरले. ते या विनोदामुळे हरले असं मी म्हणणार नाही, तेवढी विनोदाची ताकद असती तर काय हवं होतं!

मी नातवाला म्हटलं, "तारीख परत सांग." तो म्हणाला, "सतरा एप्रिल शहात्तर." म्हणजे माझी लाल शाई वाळून तीन महिनेसुद्धा झाले नव्हते.

पण एक खरं सांगितलं पाहिजे. 'बघा, तिकडे कसं स्वातंत्र्य आणि आपल्याकडे कसं' असा निबंध मला लिहायचा नाही. भीती तिकडेही होती. डिसेंबर १९७५ मधे रिचर्ड प्रायर हा कृष्णवर्णीय विनोदवीर यजमान होता, तेव्हा तो काय बोलेल या धास्तीने वाहिनीने तो भाग काही सेकंद उशिराने प्रक्षेपित करायला लावला. थेट कार्यक्रम, आणि थेट नाही! तरी त्याच भागात नोकरीच्या मुलाखतीची ती नाटिका झालीच. गोरा साहेब एक शब्द म्हणतो, उमेदवाराने मनात येईल तो दुसरा म्हणायचा. साधे शब्द होता होता वंशाच्या शिव्यांवर येतात, आणि प्रायरच्या चेहऱ्यावरचा राग वाढत वाढत शेवटी साहेबच घाबरून त्याला भलामोठा पगार देऊ करतो. हसताना श्वास अडकतो माणसाचा. म्हणजे घाबरले तेही होते. पण घाबरून त्यांनी काही सेकंद मागितले. मी अख्खा मुलगाच खोडला.

आणखी एक गोष्ट नातवाने सांगितली, ती मनात रुतून बसली. हे लोक सोमवारी जमतात, मंगळवारी रात्रभर लिहितात, बुधवारी सगळ्यांसमोर वाचतात. शनिवारी खऱ्या कार्यक्रमाआधी प्रेक्षकांसमोर रंगीत तालीम होते. तिच्यात ज्याला हसू येत नाही ते शेवटच्या घटकेला कापतात. मी मनात म्हटलं, कापाकापी त्यांचीही होते, माझीही झाली. ते हसू न आलेलं कापतात. मी हसू आलं म्हणून कापलं.

सीझन संपला. चोवीस भाग, शेवटचा ३१ जुलै १९७६ चा. त्या एका वर्षात त्यांना चार एमी पुरस्कार मिळाले. चेव्ही चेस पुढल्या सीझनच्या मधेच कार्यक्रम सोडून गेला. जॉन बेलुशी, तो छाती धरून पडणारा विद्यार्थी, १९८२ मध्ये तेहतिसाव्या वर्षी अमली पदार्थांपायी गेला.

परत आल्यावर मी आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर त्या मुलाचा नंबर विचारला. मुलगा कसला, पासष्टीचे गृहस्थ. एसटीत कंडक्टर होते, निवृत्त होऊन शेती बघतात. नंबर मिळाल्यावरही चार दिवस फोन केला नाही. पाचव्या दिवशी केला.

"बाई? तुम्ही? काय सेवा करू?" आवाज अजून तसाच, खणखणीत.

इकडचं तिकडचं झालं. मग मी म्हटलं, "अरे, शहात्तर सालचं गॅदरिंग आठवतं का?"

थोडा वेळ तो काही बोललाच नाही. मला वाटलं, माझं यंत्र बंद पडलं. मग म्हणाला, "आठवतंय की बाई. बातम्या."

मी एका दमात सगळं सांगितलं. की कुणी सांगितलं नव्हतं, मीच घाबरले, मीच खोडलं. तो म्हणाला, "त्याचं काय नाही बाई. तो काळच तसला होता. आमच्या बापानं पण मला दम दिलाच असता. नाव खोडल्याचं मला कधी काय वाटलं नाही." थांबला. "पण तुम्ही म्हणालात, यात हसण्यासारखं काय नाही. ते मला खरं वाटलं. तुम्ही मराठीच्या बाई. तुम्हाला कळत असणार, असं वाटलं. मग पुन्हा कधी केलं नाही."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पन्नास वर्षं ज्या जागी दुखतंय असं मला वाटत होतं, ती जागाच चुकली होती. मास्तरांनी केलं ते विद्यार्थ्याने तसंच केलं होतं.

मी म्हटलं, "अरे, मी खोटं बोलले. घरी जाऊनही मी हसत होते. यांना करून दाखवलं होतं मी, तुझं ते चपला काढणं."

"खरं सांगताय?"

"खरं. फार छान होतं ते."

पुन्हा काही क्षण गेले. मग घसा खाकरल्याचा आवाज आला, आणि पलीकडून अगदी गंभीर, संथ, आकाशवाणीच्या सुरात शब्द आले, "आताच हाती आलेल्या वृत्तानुसार, गावातल्या नळाला…"

पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. या वेळी दोष यंत्राचा नव्हता.

हसू ओसरल्यावर मी विचारलं, "अरे, पण पाणी आलं का रे शेवटी?"

"आलं की बाई. दिवसाआड येतंय."